पाईंची रांग

आमच्या क्लबात नावडत्या कलाकाराला कोणी अंडी मारत नाही. त्याला उतरवतात.

उतरवणं म्हणजे काय ते सांगते. कलाकाराच्या दोन फेऱ्यांतला पहिला फेरा झाला की क्लबाचा कार्यक्रम-सचिव मंचामागच्या खोलीत येतो, ठरलेले सगळे पैसे पाकिटात घालून हातावर ठेवतो आणि म्हणतो, "गाडी कुठे लावलीय? मग निघ आता." पैसे पुरे देतात. एक पेनी कापत नाहीत. तू दुसऱ्या फेऱ्याला दिसू नयेस म्हणून आम्ही पैसे मोजायला तयार आहोत, एवढंच ते पाकीट सांगतं. रविवारी सकाळी सगळ्या क्लबांचे सचिव एकमेकांना फोन करतात आणि सोमवारपर्यंत हेसल रोडवरच्या मासेवाल्यालाही कळलेलं असतं.

माझी आई, ग्लेनिस ड्र्युरी, इंग्लंडातल्या आमच्या हल शहरातल्या सगळ्या कामगार क्लबांत गायची, कामगार शनिवारी बिअर प्यायला आणि गाणी ऐकायला जमतात तिथे. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. फिनबी स्ट्रीटच्या क्लबात तिला एका शनिवारी अर्ध्यात उतरवलं आणि ती पुन्हा कुठेच गायली नाही. क्लबांत तर नाहीच, पण घरात भांडी विसळतानाही नाही. आम्हा पोरांना एवढंच सांगितलेलं की घसा गेला. गल्लीत दुसरंच चालायचं, ग्लेनिस त्या रात्री पिऊन आली होती म्हणून. मी शाळेत त्यावरून दोन पोरींची नाकं फोडली आहेत.

उतरवणारा होता डेस ब्लँचर्ड. तेव्हा नवा सचिव झालेला, आणि अजून सचिवच आहे. माझ्या वयाचे सगळे त्याला अंकल डेस म्हणतात. नाताळात आम्हा पोरांना संत्री वाटायचा. मीही खाल्ली आहेत.

यंदा महोत्सवाचं माहितीपत्रक दारातून पडलं आणि त्याच्या पहिल्या पानावर अंकल डेस होता. चंदेरी केस, बो-टाय, हातात माइक.

हा महोत्सव आमच्याकडे दर शरदात असतो. नाटकं, विनोद, भिंतींवर चित्रं, कापडी देवमासा रस्त्यातून ओढत नेणारी मिरवणूक. आधी तो शहराच्या मधोमध चांगल्या नाट्यगृहांत चालायचा. मग पैसे देणाऱ्यांपैकी कोणीतरी सांगितलं की लोकांपर्यंत जा. लोक म्हणजे आम्ही. तेव्हापासून आरोग्य खात्याचा माणूस यावा तसा महोत्सव आमच्या गल्लीत येतो, पाय पुसत आणि "किती छान" म्हणत. यंदा त्यांनी नव्या विनोदवीरांच्या स्पर्धेची शेवटची फेरी फिनबी स्ट्रीटच्या क्लबात ठेवली होती. चौघेजण निवडले होते, त्यांत मी एक. दिवसा मी कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घरांच्या, कारखान्यात खिडक्या बसवते आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यांत उभी राहून विनोद सांगते. जो जिंकेल त्याचा खेळ शनिवारी मोठ्या नाट्यगृहात.

आईने ते पत्रक उचललं, बघितलं आणि किटलीखाली ठेवलं. गरम किटली बरोबर त्याच्या तोंडावर.

"तुझी ती फेरी कुठेय म्हणालीस?"

"फिनबी स्ट्रीटला."

"त्याच्यासमोर?"

"माइकवर तोच असतो, आई. दुसरं कोण असणार?"

ती बसली. चहा ओतला आणि प्यायली नाही. मग तिने मला सांगितलं. दोन फेऱ्यांच्या मधे ती मंचामागच्या खोलीत होती, डेस आत आला, त्याने दार लावलं. काय हवं ते तोंडाने मागितलं, आणि ती नाही म्हणाली तेव्हा हाताने घ्यायला निघाला. आईचा झगा काखेपासून फाटला. तिने त्याला ढकललं आणि कशीबशी दाराबाहेर पडली. पुढच्याच क्षणाला हा गडी केस नीट करून माइकवर. "मंडळी, आजच्या गायिकाबाईंना जरा जास्त झालीय." सगळा हॉल हसला. पाकीट त्याने तिच्या कोटाच्या खिशात स्वतः घातलं.

"बाबांना माहीत होतं?"

"तुझा बाप त्याच हॉलात बसला होता. तोही हसला. मग त्याने मला घरी आणलं आणि कॉफी पाजली." तिने चहाचा कप दूर सरकवला. "शुद्धीवर यावी म्हणून."

मी भिंतीवर बशी फोडली. आईने केरसुणी आणून माझ्या हातात दिली.

"झाड. आणि ऐक. सांगायचं तर तिथे सांग, त्याच्या तोंडावर. पाठीमागे नाही. मी समोर बसेन. पण सुरू केलंस तर शेवटपर्यंत न्यायचं. त्याने तुला मधेच तोडलं ना लिनेट, तर मला दुसऱ्यांदा उतरवल्यासारखं होईल. ते मला झेपणार नाही."

मला तेवढंच करायचं होतं. जिंकणं गेलं खड्ड्यात. पूर्ण सांगायचं होतं.

आता डेसकडे काय काय होतं ते बघा. मंचाच्या डाव्या बाजूला लाकडी कठड्याची त्याची पेटी आहे, कोर्टातल्या पिंजऱ्यासारखी. तिथे त्याचा माइक, आणि कलाकाराच्या माइकचं बटणही तिथेच. गाणं चालू असो, विनोद चालू असो, नवस फेडणं चालू असो, डेस मधे बोलू शकतो. अमक्याची गाडी आडवी लागलीय. तमकीची टॅक्सी आली. आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे, "मंडळी, पाई आल्या." खिम्याच्या गरम पाई, सोबत मटारची पातळ उसळ. ते तीन शब्द ऐकले की फिनबी स्ट्रीटचा माणूस विचार करत नाही, उठतो. त्या तीन शब्दांनी मोठमोठे जादूगार मेलेले मी पाहिले आहेत. एकाचं कबूतर टोपीत राहिलं.

महोत्सवाची टॅबिथा यावर भाळली होती. टॅबिथा म्हणजे दक्षिणेकडून आलेली, कार्यक्रमांचं बघणारी, पोरगी वाईट नाही. ती डेसला म्हणालेली, "सगळं अगदी जुन्यासारखं ठेवा, मधे बोलणंसुद्धा! तीच तर गंमत आहे." डेसने तिचा हात दोन्ही हातांत धरून थोपटला होता.

त्या संध्याकाळी हंबर नदीवरून वारा असा होता की क्लबाचं दार दोघांनी ओढून लावावं लागत होतं. दाराशी ब्रेंडा स्टेथर्स टेबल मांडून पाईंची तिकिटं देत होती. ब्रेंडा म्हणजे बायकांच्या डार्ट-संघाची कप्तान, पाऊणशे वय, आवाज ट्रॉलरच्या भोंग्यासारखा. तिने आईकडे बघितलं. आई तिच्याकडे. चाळीसहून जास्त वर्षांत आईने या दारात पाऊल ठेवलं नव्हतं.

"ग्लेनिस," ब्रेंडा म्हणाली. "उशीर केलास."

"पाय चालेनात," आई म्हणाली.

"बस त्या टेबलाशी. तिथे वारा लागत नाही." आणि दोन तिकिटं फाडून दिली.

हॉल भरलेला होता. अर्धे आमचे, अर्धे महोत्सवाचे. महोत्सवाचे लोक कोट न काढता बसतात आणि छताकडे बघत राहतात. खेळाआधी बिंगो झाला, आमच्याकडे बिंगोशिवाय मयतही होत नाही. मंचामागच्या खोलीतून डेसने यंत्र ढकलत आणलं. काचेची पेटी, आत हवा फुंकणारा पंखा आणि त्यावर नाचणारे आकड्यांचे चेंडू. यंत्र घरघरायला लागलं तसे आईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"थंडी वाजतेय?" मी विचारलं.

"तू तुझं बघ."

माझी पाळी शेवटची. मी मंचामागच्या खोलीत गेले. तीच खोली. बिअरचे रिकामे क्रेट, तुटका डार्टबोर्ड, आरसा. आणि कोपऱ्यात पाई गरम ठेवायचं कपाट. त्याची बत्ती लागलेली. मी दार उघडून बघितलं. पाई कधीच्याच आल्या होत्या. थाळ्यांवर थाळ्या रचून ठेवलेल्या. म्हणजे आता त्या येणार कधी, हे फक्त डेसच्या जिभेवर होतं.

"भूक लागली का गं पोरी?"

तो दारात उभा होता. अत्तर आणि पुदिन्याच्या गोळीचा वास.

"नाही, अंकल डेस."

"आई आलीय वाटतं. अरे वा. किती वर्षांनी!" तो आरशात बघून टाय सरळ करायला लागला. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "घसा कसा आहे तिचा?"

माझी बोटं त्या कपाटाच्या दाराला चिकटून राहिली. गरम होतं, तरी सोडवेना.

"बरा आहे," मी म्हटलं. "आता बरा आहे."

"छान. आज काय सांगणार आहेस?"

"नवऱ्याचं."

"स्वच्छ ठेव हां. बायका असतात समोर."

"बायकांसाठीच आहे."

तो हसला. दात स्वतःचे आहेत अजून. "पाईंचं माझ्या हातात नसतं बरं का. बेकरीची गाडी येईल तेव्हा येतील." असं म्हणाला, आणि त्या पाईंच्या कपाटावर हात ठेवून म्हणाला. खोटं बोलताना माणूस निदान दुसरीकडे बघतो. याला तीही गरज वाटली नाही.

मग त्याने माझी ओळख करून दिली. "शांतता राखा मंडळी, शांतता! कलाकाराला संधी द्या. आता आपल्याच गल्लीतली पोर. ग्लेनिसची लिनेट. बघू या आईपेक्षा जास्त टिकते का."

आमचे लोक हसले. महोत्सवाचे लोकही हसले, त्यांना काय कळलं देव जाणे. आईने पेल्यातला घोट घेतला.

मी सुरुवात बरी केली. कारखान्याचं सांगितलं, आमचा साहेब स्वतः फ्रान्सला हॉटेलात उतरतो आणि लोकांना कॅरॅव्हॅन विकतो ते सांगितलं. हॉल तापत गेला. मग म्हटलं, "माझा नवरा मला सोडून गेला. जाताना कॅरॅव्हॅन घेऊन गेला. ती मीच बनवलेली होती." हसू यायला लागलं तसा मी हात वर केला. "थांबा. हे लक्षात ठेवा. याच्याकडे परत येते."

धंद्यातली गोष्ट आहे ही. एक धागा मोकळा सोडला की लोक जागेवर राहतात.

"आधी या खोलीचं सांगते. या मागच्या खोलीचं. माझ्या जन्माआधी इथे एक गायिका गात होती. हिरवा झगा. पहिला फेरा संपवून ती मागे गेली, आणि तिच्यामागून क्लबाचा एक माणूस—"

माइक मेला. मला माझाच आवाज एकदम लहान ऐकू आला, बादलीत तोंड घातल्यासारखा.

"मंडळी," पेटीतून डेसचा आवाज आला, तुपासारखा. "तुमचीच वाट बघतायत. पाई आल्या."

खुर्च्या सरकल्या. मी कुणाला दोष देत नाही. नाही, देते. चांगला देते. पण ते पायांनी उठले, डोक्याने नाही. पन्नास वर्षं पायांना तीच सवय. ज्यांच्याबरोबर मी शाळेत गेले, ज्यांच्या बायकांची बाळंतपणं माझ्या आईने निस्तरली, ते सगळे उठले आणि भिंतीला धरून रांग लावली, पाई वाढायच्या खिडकीपासून पार मुताऱ्यांच्या दारापर्यंत. महोत्सवाचे लोक आधी बावरले, मग टॅबिथाने त्यांना खुणेने सांगितलं की हाच तो प्रकार, जा जा, मजा घ्या. तेही जाऊन उभे राहिले. डेस पेटीतून उतरून खिडकीमागे गेला, बाही वर करून हातात चिमटा घेतला. पाई तोच वाढतो. लोकांना ते फार आवडतं.

हॉल रिकामा. पंचवीस टेबलं आणि एका टेबलाशी माझी आई. ती मान ताठ ठेवून बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. तिच्या हाताखाली पाईचं तिकीट होतं, ते तिने घडी घालून लहान, आणखी लहान केलं.

नियम साधा होता. मंचावरून खाली आलं की फेरी संपली, शनिवारचं नाट्यगृह गेलं. टॅबिथा मागच्या भिंतीशी वेळ संपल्याची लाल बत्ती हातात धरून उभी होती.

मी रांगेकडे बघितलं आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला.

आमचे लोक रांग सोडत नाहीत. घराला आग लागली तरी आमचा माणूस आधी मागच्याला विचारेल, माझी जागा धरशील का. त्या हॉलात बसलेले असताना ते उठून जाऊ शकत होते. आता नाही. आता ते भिंतीला लागून उभे होते, पाठीमागे भिंत, पुढे पाई, आणि कान मोकळे. डेसने माझे प्रेक्षक पळवले नव्हते. ओळीत बांधून दिले होते.

मी खाली उडी मारली आणि मुताऱ्यांच्या टोकापासून सुरुवात केली.

"तर हिरवा झगा घातलेली गायिका," मी मोठ्याने म्हटलं. माइक नको मला, कारखान्यात दहा यंत्रांवरून ओरडते मी. "काय रे गॅरेथ, ऐकतोयस?"

"लिनेट, पाई खाऊ दे गं," गॅरेथ म्हणाला.

"खा की. कानाने खातोस का?"

दोघं-तिघं हसले. मी चालत राहिले, एकेका माणसासमोरून, खिडकीच्या दिशेने. "ती मागच्या खोलीत गेली. घाम पुसत होती. क्लबाचा माणूस आत आला. तिला वाटलं, कौतुक करायला आला. कौतुकच करायला आला होता, पण हातांनी." अजून थोडं हसू. आमच्याकडे अशा गोष्टींवर हसायची रीत आहे. "तो म्हणाला, कार्यक्रम संपल्यावर थांब. ती म्हणाली, बाहेर हॉलात नवरा बसलाय. तो म्हणाला, मग आत्ताच उरकू."

हसू थांबलं. पूर्ण नाही. पुढे कोणीतरी अजून हसत होतं, कारण त्याला अजून ऐकू आलं नव्हतं. मी जसजशी पुढे जात होते तसतसं ते हसू माझ्यापुढे पळत होतं, आणि मागे नुसती शांतता उरत होती.

"शांतता राखा!" खिडकीतून डेस ओरडला. माझ्याशिवाय कोणाचाच आवाज नव्हता.

"त्याने दार लावलं. तिचा झगा इथून इथपर्यंत फाटला." मी स्वतःच्या काखेपासून कमरेपर्यंत बोट ओढलं. ज्याच्यासमोर ओढलं तो होता कीथ, बाबांचा दोस्त, त्या शनिवारी बाबांच्या शेजारी बसलेला. तो जमिनीकडे बघायला लागला. "तिने त्याला ढकललं आणि बाहेर पडली. मग त्याने काय केलं? माइकवर आला. तुम्हाला म्हणाला, बाईला जास्त झालीय. कीथ, तू हसलास का रे?"

"लिनेट..."

"हसलास का?"

"सगळेच हसले," कीथ म्हणाला.

"पुरे झालं!" डेसचा चिमटा थाळीवर आपटला. "ही काय विनोदाची रात्र आहे की काय? टॅबिथा, हिची वेळ संपली. बत्ती लाव. बाईला आईसारखीच चढलीय."

टॅबिथाचा चेहरा खडूसारखा झाला होता. बत्ती तिच्या हातात होती. अंगठा बटणावर होता. तिने लावली नाही.

मी खिडकीपर्यंत पोचले. माझ्या आणि त्याच्या मधे पाई. वाफ त्याच्या तोंडावर येत होती. आता फक्त नाव राहिलं होतं, आणि ते आईने घ्यायचं की मी, हे आमचं ठरलंच नव्हतं. मी वळून तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. घे.

"त्या गायिकेचं नाव ग्लेनिस ड्र्युरी," मी म्हटलं. "आणि त्या माणसाचं नाव डेस ब्लँचर्ड. तोच तुमची पाई धरून उभा आहे."

कोणी हललं नाही. रांगही मोडली नाही. डेसने रांगेवरून नजर फिरवली, प्रत्येकाला नावाने ओळखणारा माणूस तो, आणि मग हसला. तेच संत्र्याचं हसू.

"बरं," तो म्हणाला. "सांगून झालं? म्हातारी बाई, जुनी गोष्ट. साक्षीला कोण आहे? एक तरी आहे? नाही ना? चला, पुढे कोण, ब्रेंडा, तुझं तिकीट दे. थंड होतायत."

आणि मला दिसलं की रांग हलणार. पहिल्या दोघांनी पाई घेतल्याच होत्या आणि आता त्या कुठे ठेवाव्या ते त्यांना कळत नव्हतं. एखाद्याने तिकीट पुढे केलं असतं की संपलं होतं. सगळे पुढे सरकले असते, आणि उद्या गल्लीत बोललं गेलं असतं की लिनेटने तमाशा केला. पूर्ण सांगून झालं होतं, आणि तरी आई अर्ध्यातच राहणार होती.

ब्रेंडा स्टेथर्स खिडकीशी उभी होती. तिच्या हातात तिकीट होतं. तिने ते पुढे केलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, डेसकडेही नाही. ती हॉलापलीकडे आईकडे वळली आणि त्या भोंग्यासारख्या आवाजात, पण हळू, विचारलं,

"ग्लेनिस. त्याने बिंगोचं यंत्र लावलं होतं का? आधी?"

मला कळेना ती काय बोलतेय. मी यंत्राचं काही सांगितलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

आईचे हात पुन्हा मांड्यांखाली गेले होते. तिने ते बाहेर काढले, टेबलावर ठेवले.

"हो," ती म्हणाली. "आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

"चेंडू सगळे नाचत होते," ब्रेंडा म्हणाली. "मी आकडे बघत राहिले. मला ते आकडे अजून पाठ आहेत."

मागे रांगेत, मधोमध कुठेतरी, एका बाईने कोटाची बटणं लावायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. ती कोण ते मी लिहीत नाही. ती बोलली नाही, आणि तिचं तिला ठरवू दे. पण डेसने तिच्याकडे बघितलं. सगळ्यात आधी तिच्याकडेच बघितलं. आणि त्याने तिच्याकडे बघितलेलं सगळ्या रांगेने बघितलं.

चिमटा त्याच्या हातातून खाली ठेवला गेला. "हे बघा मंडळी," तो म्हणाला, आणि हात सवयीने तोंडाशी गेला. तिथे माइक नव्हता. माइक पेटीत होता, आणि पेटीकडे जायच्या वाटेत रांग उभी होती. त्याने बाजूला व्हा म्हटलं. कोणी त्याला अडवलं नाही, धक्का दिला नाही, शिवी दिली नाही. फक्त कोणी आपली जागा सोडली नाही.

पहिल्या माणसाने आपली पाई खिडकीत परत ठेवली. मग दुसऱ्याने. डेस मागच्या दाराने गेला. त्याचा कोट अजून क्लबातच आहे, न्यायला आला नाही. पुढे पोलीस आले, त्यांतल्या दोन बायका तीनदा येऊन जबाब लिहून घेऊन गेल्या, महोत्सवाने त्याचं चित्र सगळीकडून काढून घेतलं आणि "आम्हाला अत्यंत खेद वाटतो" असं दोन ओळींत छापलं. त्याला शिक्षा होईल का? मला नाही वाटत. त्याचा वकील म्हणतो, वय फार आहे. ब्रेंडाचंही वय फार आहे, ते कोणी म्हणत नाही.

पण ते नंतरचं. त्या वेळी हॉलात कोणाला काय करावं ते सुचत नव्हतं. गॅरेथ मुताऱ्यांच्या दाराशी रडत होता, त्याची आई या क्लबात टेबलं पुसायची. मी आईजवळ गेले आणि खुर्ची ओढली.

"बसू नकोस," आई म्हणाली.

"का?"

"तुझ्या नवऱ्याचं राहिलंय."

"आई, आता कोण हसणारंय?"

"कॅरॅव्हॅन घेऊन गेला, इथवर सांगितलंस. लक्षात ठेवा म्हणालीस. मी लक्षात ठेवलंय." तिने बोट मंचाकडे केलं. "वर जा. पूर्ण कर."

मी गेले. माइक मेलेलाच होता. टॅबिथा पेटीत चढली, दोन-चार बटणं चुकीची दाबली, हॉलातले दिवे गेले, परत आले, आणि मग माइक खरखरला. रांग तशीच उभी होती, तोंडं माझ्याकडे.

"तर," मी म्हटलं. "नवरा सोडून गेला. कॅरॅव्हॅन घेऊन गेला. ती मीच बनवलेली होती. म्हणून मी दारात खुर्ची टाकून बसले. मला माहीत होतं, हंबरच्या पुलाच्या आधीच चाक निघणार."

कोणीही हसलं नाही. दीडशे माणसं, एक खोकलाही नाही.

आईने विचार केला. मग तिच्या नाकातून एकदा हवा सुटली, तिचं हसू तसंच असतं.

"ठीक होता," ती म्हणाली. "उतर आता."

मी स्वतःच उतरले. ब्रेंडा खिडकीमागे गेली, बाही वर केली आणि चिमटा नळाखाली धरून बराच वेळ धुतला. मग ओरडली, "पुढे कोण? ग्लेनिस, तिकीट आण."

आईने ते घडी घालून चुरगाळलेलं तिकीट उलगडलं आणि रांगेच्या टोकाला, गॅरेथच्या मागे जाऊन उभी राहिली.